दुर्मिळपणाचे कौतुक पुरे!

‘दुर्मिळ’ हा शब्द मराठी माणूस मोठ्या कौतुकाने उच्चारतो. एखाद्या ग्रंथालयात जुन्या पुस्तकांचे कपाट दाखविताना ग्रंथपाल आवाज खाली आणून सांगतो, ‘ही दुर्मिळ प्रत आहे’, आणि पाहुणा काचेला बोट न लावता आदराने मान डोलावतो. जणू दुर्मिळ असणे हा त्या पुस्तकाचा जन्मजात गुणच आहे! आम्हांस आज या कौतुकाविषयीच तक्रार मांडावयाची आहे. छापलेले पुस्तक जन्मतः दुर्मिळ नसते. छपाईची कला मुळी अवतरली ती एकाच्या अनेक प्रती व्हाव्यात म्हणून. छापखान्यातून गठ्ठ्यांनी बाहेर पडलेल्या प्रती पुढे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरतात, तेव्हा मधल्या काळात कोणी तरी त्या भिजू दिल्या, वाळवीच्या तोंडी दिल्या, रद्दीत घातल्या, असा त्याचा सरळ अर्थ होतो. दुर्मिळपणा ही समाजाच्या हयगयीची नोंद आहे. तिचे कौतुक कसले करावयाचे?

हे आम्ही हवेत बोलत नाही. मराठीतील पहिल्या स्वतंत्र ऐतिहासिक शोकांतिकेचेच उदाहरण घ्या. विनायक जनार्दन कीर्तने (१८४०–१८९१) यांनी विद्यार्थिदशेत लिहिलेले ‘थोरले माधवराव पेशवे’ हे नाटक १८६१ साली छापून प्रसिद्ध झाले. त्याचा विषय अठराव्या शतकातला. १७६१ च्या जानेवारीत पानिपत झाले, जूनमध्ये नानासाहेब पेशवे खचून वारले आणि सोळा वर्षांच्या माधवरावांच्या अंगावर पेशवाईची वस्त्रे चढली. घरात चुलते रघुनाथराव, बाहेर निजाम आणि हैदर, आणि डोक्यावर कर्जाचा डोंगर. अकरा वर्षांत त्यांनी विस्कटलेला कारभार सावरला, राक्षसभुवनला निजामाला नमविले, चुलत्याला आधी सांभाळून घेतले आणि अखेर कैदेत ठेवले. मग १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे गणपतीच्या सान्निध्यात राजयक्ष्म्याने त्यांचा अंत झाला. वय अवघे सत्तावीस. पत्नी रमाबाई त्यांच्यामागे सती गेल्या. शोकांतिकेला लागणारी सगळी सामग्री इतिहासाने आधीच जमवून ठेवली होती. एका तरुण विद्यार्थ्याला तिचे नाट्य प्रथम दिसले, हे मराठीचे भाग्य.

या पहिल्या आवृत्तीवरील सालाकडे वाचकांनी थोडे थांबून पाहावे. १८६१ म्हणजे पानिपताला आणि माधवरावांच्या पेशवेपदाला बरोबर शंभर वर्षे पूर्ण झाली ते साल. पेशवाई बुडाली १८१८ मध्ये, म्हणजे त्या वेळी जेमतेम त्रेचाळीस वर्षे झाली होती. पन्नाशी ओलांडलेला जो कोणी वाचक १८६१ साली हे पुस्तक हाती घेई, तो पेशवाईतच जन्मलेला असे. १८५७ चा उठाव होऊन चारच वर्षे लोटली होती. त्यात पेशव्यांच्याच गादीचा वारस म्हणविणारे नानासाहेब पुढे होते आणि इंग्रज सरकार त्यांच्या शोधात होते. अशा दिवसांत एका कॉलेजच्या विद्यार्थ्याने पेशव्याला नायक करावे आणि छापखान्याने ते छापावे, ही साधी घटना नव्हे. त्या वेळी राजवाड्यांचे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ अजून निघावयाचे होते; त्याचा पहिला खंड १८९८ चा. लेखकाजवळ होत्या त्या बखरी, घरोघरच्या आठवणी आणि ग्रँट डफचा १८२६ चा इतिहास. म्हणून ही छापील प्रत केवळ नाट्यवाङ्मयाचा नमुना राहत नाही. कागदपत्रे उजेडात येण्यापूर्वी मराठी समाज आपला कालपरवाचा इतिहास कसा आठवीत होता, याचा ती एक साक्षीदार आहे. साक्षीदाराला आपण न्यायालयात जपतो. ग्रंथालयात मात्र त्याला कसरीच्या हवाली करतो.

नाटकाच्या बाबतीत छापील प्रतीला आणखी एक विशेष मोल आहे. मराठी रंगभूमीचा आरंभ आमच्या कागल पंचतारांकित औद्योगिक वसाहतीपासून तास-दीड तासाच्या वाटेवर असलेल्या सांगलीत झाला. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ तेथे सादर केले. त्या काळच्या नाटकांत पदे सूत्रधाराने म्हणावयाची आणि पात्रांनी प्रसंग पाहून आपापली भाषणे जागच्या जागी बोलावयाची, अशी रीत होती. भाषणांची संहिता नसल्यामुळे खेळ संपला की भाषणेही हवेत विरून जात. पुढे पुस्तकात छापलेली भाषणे पाठ करून नाटके होऊ लागली, तेव्हा लोकांनी त्यांना नावच दिले ‘बुकिश’ नाटके. म्हणजे या नाटकांचे बारसेच पुस्तकावरून झाले. कीर्तन्यांचे नाटक या वाटेच्या आरंभी उभे आहे. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चे महादेव गोविंदशास्त्री कोल्हटकरांनी केलेले भाषांतर १८६७ चे, किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० चे. या सर्वांच्या आधी एका मराठी तरुणाने नायकाच्या मृत्यूवर संपणारे नाटक स्वतंत्र बुद्धीने लिहिले. आपल्या जुन्या नाट्यसंकेतांना रंगमंचावरचा मृत्यू मानवत नव्हता. भासाचे ‘ऊरुभंग’ त्याला अपवाद म्हणावे, तर भासाची नाटकेच तेव्हा अज्ञात होती. गणपतिशास्त्र्यांना त्यांची ताडपत्रे केरळात सापडली १९०९ नंतर. कोणा घराने ती ताडपत्रे चुलीत घातली नाहीत, म्हणून आज आपल्याला भास आहे.

आणि छापले न गेल्यास काय होते, तेही याच काळात पाहावयास मिळते. जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ साली लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते स्वीकारले नाही. ते छापून वाचकांपुढे आले १९७९ मध्ये, म्हणजे तब्बल एकशेचोवीस वर्षांनी. त्या एकशेचोवीस वर्षांत मराठी नाटकाच्या वाटेवर त्या नाटकाला आपला ठसा उमटवता आला नाही. छापखान्याची शाई एखाद्या कृतीला लागते किंवा लागत नाही, एवढ्या एका गोष्टीवर पिढ्यांचे वाचन ठरते. कीर्तन्यांच्या नाटकाला ती शाई वेळेवर लागली. तरीही त्या पहिल्या छापाला आज आपण ‘दुर्मिळ’ म्हणतो. हा दोष १८६१ च्या लोकांचा मुळीच नाही.

काही कारणे त्या काळाच्याही पदरात घालावी लागतील. पुस्तकांची सरकारदरबारी नोंद करणारा कायदा आला १८६७ साली. त्या वर्षाच्या पंचविसाव्या कायद्यान्वये छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत सरकारात दाखल करणे मुद्रकावर बंधनकारक झाले आणि मुंबई इलाख्यातील पुस्तकांच्या तिमाही याद्या निघू लागल्या. कीर्तन्यांचे नाटक या कायद्याच्या सहा वर्षे आधीचे. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही मराठीतील पहिली कादंबरी १८५७ ची, म्हणजे तीही त्याच्या आधीची. छपाई पाळण्यात असतानाच्या अशा ग्रंथांना आपल्या अभ्यासकांनी ‘दोलामुद्रिते’ असे गोड नाव दिले आहे. ज्या पुस्तकांना कायद्याचे छत्र नव्हते, ती जगली ती कोणा शाळामास्तराच्या पेटीत, कोणा इनामदाराच्या माडीवर, नेटिव्ह लायब्ररी म्हणून सुरू झालेल्या गावोगावच्या वाचनालयांत. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चे, आपल्या कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची सूची केली, ती अशीच दारोदार हिंडून. एका माणसाने एवढे करावे आणि लाखोंच्या समाजाने सूचीतील नोंदी एकेक करून नाहीशा होऊ द्याव्यात, हा कोणता न्याय?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप असा, की नाटक वाचावयाचे तर कोणत्याही आवृत्तीतून वाचता येते. पहिलीच प्रत कशाला हवी? आमच्या वसाहतीत फाउंड्रीत काम करणारे जे धर्मग्रामस्थ आहेत, त्यांना याचे उत्तर आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. बिडाचे कास्टिंग ओतावयाचे, तर आधी पॅटर्न लागतो. पॅटर्न करणारा कारागीर नेहमीची फूटपट्टी वापरीत नाही. तापलेला रस थंड होताना आकसतो, बीड तर शेकडा एकाच्या आसपास आकसते, म्हणून तो तेवढी वाढ धरलेली पट्टी घेतो. आता समजा, पॅटर्न हरवला आणि कोणी तयार कास्टिंगच वाळूत दाबून त्यावरून दुसरे ओतले, तर ते किंचित लहान येते. त्यावरून तिसरे ओतले, तर आणखी लहान. दिसावयाला तिन्ही सारखीच. पण यंत्राला लावून पाहा, तिसरे बसणार नाही. ग्रंथाची पहिली आवृत्ती हा त्याचा पॅटर्न असतो. दुसऱ्या आवृत्तीवरून तिसरी आणि तिसरीवरून चौथी निघते, तेव्हा प्रत्येक वेळी काही तरी आकसते. खिळे जुळविणाऱ्याच्या नजरेतून एक ओळ सुटते, संपादकाला एक शब्द जुनाट वाटतो, प्रकाशकाला चार पाने वाचवावयाची असतात.

भाषेच्या बाबतीत तर हे आकसणे डोळ्यांना दिसते. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. शाळकरी मुलांचे कष्ट वाचले, हे खरे. पण जुन्या लेखनात ‘तें’ म्हणजे ती एक वस्तू आणि ‘ते’ म्हणजे ती अनेक माणसे, हा भेद डोळ्यांना दिसत असे. ‘केलें’ आणि ‘केले’ यांतही तसाच. नव्या लेखनात ही दोन्ही रूपे एकच झाली. दरबाराच्या प्रसंगात ‘ते आले’ असे वाचताना फर्मान आले की सरदार आले, हे नव्या वाचकाला मागचापुढचा संदर्भ लावून ठरवावे लागते. १८६१ च्या वाचकाला ते एका टिंबाने कळत असे. नियम बदलू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. बदललेल्या लेखनातील आवृत्ती सोयीसाठी जरूर काढावी. पण ती काढली म्हणून मूळ प्रत निकामी झाली, असे समजणाऱ्याला पुस्तक म्हणजे काय हेच कळलेले नाही.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे आणि तो अधिक कावेबाज आहे. ‘फादर, आता सगळे स्कॅन होते. एकदा छायाचित्रे घेतली, की कागद कशाला सांभाळावयाचा?’ संगणकावर जुनी पुस्तके आणण्याचे काम ज्या संस्था करीत आहेत, त्यांना आम्ही मनापासून धन्यवाद देतो. खेड्यातल्या विद्यार्थ्याला मुंबईच्या कपाटातले पान घरबसल्या दिसू लागले, ही लहान गोष्ट नव्हे. पण छायाचित्र घेतल्यावर मूळ वस्तू टाकून द्यावी, असे आपण आपल्या आजीच्या बाबतीत तरी म्हणतो काय? छायाचित्र काढणाऱ्याने दोन पाने एकदम उलटली, तर मधली दोन कायमची गेली. मूळ प्रत नसेल, तर ती गेल्याचेही कळणार नाही. कागदाचा पोत, बांधणी, समासात कोणी शिसपेन्सिलीने केलेल्या खुणा, एखाद्या नटाने आपल्या भाषणापुढे मारलेली फुली, या गोष्टी कधी छायाचित्रात येतात, कधी येत नाहीत.

‘हॅम्लेट’ या जगद्विख्यात शोकांतिकेचे उदाहरण या बाबतीत डोळे उघडणारे आहे. तिची १६०३ ची पहिली छापील आवृत्ती दोनशे वर्षे कोणालाच ठाऊक नव्हती. १८२३ मध्ये एक प्रत सापडली आणि १८५६ मध्ये दुसरी. तिसरी आजपर्यंत सापडलेली नाही. या दोहोंपैकी एकीला मुखपृष्ठ नाही आणि दुसरीला शेवटचे पान नाही. दोन अधू प्रती एकमेकींना आधार देऊन उभ्या आहेत, म्हणून ती आवृत्ती आज पूर्ण वाचता येते. पहिली प्रत मिळाल्यावर ‘आता आपल्याकडे आहे’ म्हणून कोणी दुसरी रद्दीत टाकली असती, तर? ‘एक प्रत आहे ना कुठे तरी’ हे आपले नेहमीचे उत्तर किती पोकळ आहे, ते यावरून ध्यानात यावे. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ चा पहिला संग्रह निघाला नसता, तर त्याच्या छत्तीसांपैकी अठरा नाटके आज कोणी वाचली नसती. त्या संग्रहाच्या सव्वादोनशेहून अधिक प्रती आज जगात ठाऊक आहेत; प्रत्येक प्रत कोठे आहे, तिची कोणती पाने फाटली आहेत, याची नोंद आहे. कीर्तन्यांच्या पहिल्या आवृत्तीच्या बाबतीत अशी नोंद करावी, असे आपल्या किती विद्यापीठांना, किती साहित्यसंस्थांना आजवर वाटले? आम्ही हा प्रश्न उघडपणे विचारतो आहोत. उत्तर देणाऱ्यांचे स्वागत आहे.

तिसरा आक्षेप घरचाच आहे, आणि तो दबक्या आवाजात केला जातो. ‘पेशव्यांचे नाटक! त्याचे आपल्या ख्रिस्ती समाजाला काय?’ वसईकडच्या वाचकांना पेशवे म्हटले, की १७३९ आठवते, हे आम्ही जाणतो. माधवरावांचे चुलत आजोबा चिमाजी आप्पा यांनी त्या साली वसई जिंकली. शिवाय या कथेच्या अखेरीस रमाबाईंचे सती जाणे आहे, आणि त्या प्रथेला कोणताही ख्रिस्ती, किंबहुना कोणताही विवेकी माणूस आदर देऊ शकत नाही. नाटक छापले गेले, तेव्हा सतीबंदीला तीस वर्षे होऊन गेली होती. पण जपणे म्हणजे पूजणे असे कोणी सांगितले? आपल्या पूर्वजांनी ज्या गोष्टीला थोरवी मानली, ती त्यांच्याच शब्दांत समोर असल्याखेरीज तिची चिकित्सा तरी कशी करणार? जे पुस्तक आपल्याला पटते तेवढेच जपावयाचे, हा नियम एकदा मान्य केला, की उद्या दुसरा कोणी आपल्या पुस्तकांना तोच नियम लावील.

आणि तो नियम आपल्याला लागून गेलेला आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरला छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकीचीही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले. सत्ताधारी आपल्याच धर्माचे होते, तरी त्यांनी आपल्या भाषेची गय केली नाही, हे सत्य आपण लपवू नये. ग्रंथ वाचला तो भाविकांनी हाताने नकलून ठेवलेल्या पोथ्यांमुळे. त्या पोथ्यांवरून १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी तो पुन्हा छापला, आणि देवनागरी लिपीतले हस्तलिखित तर लंडनमधील मार्सडेन संग्रहात निघाले. जो समाज स्वतःच्या महाकाव्याच्या तीन-तीन छापील आवृत्त्या गमावून बसला आहे, त्याने दुसऱ्याच्या पहिल्या आवृत्तीविषयी ‘आपल्याला काय?’ म्हणावे? या महाराष्ट्रात छापील पुस्तक हरवण्याचे दुःख कोणाला सर्वांच्या आधी कळावयास हवे असेल, तर ते आपल्याला.

या बेपर्वाईला दोन प्रकारची माणसे खतपाणी घालतात. पहिला प्रकार संग्राहकाचा. त्याला पुस्तक हवे असते ते दुसऱ्याकडे नाही म्हणून. तो ते वाचीत नाही, वाचू देत नाही, त्याची नोंद कोणाला देत नाही. प्रती जितक्या कमी, तितका त्याचा आनंद मोठा. दुसरा प्रकार कारभाऱ्याचा. एका ग्रंथालयात आम्ही जुन्या नाटकांची चौकशी केली, तेव्हा तेथील कर्मचाऱ्याने अगदी निरागसपणे सांगितले, ‘जीर्ण पुस्तकांचे निर्लेखन झाले. वर्गवारीच्या तपासणीआधी कपाटे मोकळी करावी लागतात.’ त्या माणसाला दोष देण्याचे आमच्या मनात नाही. दोष आहे तो पुस्तकाचे साल न पाहता त्याची अवस्था पाहणाऱ्या रीतीचा. जीर्ण झाले म्हणून १८६१ चे पुस्तक आणि जीर्ण झाले म्हणून दहा वर्षांपूर्वीचे परीक्षेचे गाइड, दोन्ही एकाच पोत्यात जातात. पहिला पुस्तक कोंडून मारतो, दुसरा तोलून मारतो. वाचकाच्या दृष्टीने दोहोंत फरक नाही.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. राजर्षी शाहू महाराजांनी उभारलेली, १९१५ साली पूर्ण झालेली ती वास्तू जळताना पाहून सारे शहर रस्त्यावर उभे राहून रडले. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. आमच्या वसाहतीतील कामगारही पाळी संपवून तिकडे धावले होते. ते अश्रू खरे होते आणि योग्यही होते. पण इमारत जळते तेव्हा ज्वाळा दिसतात. त्या इमारतीच्या रंगमंचावर जे बोलले गेले, त्याचे कागद निमूटपणे जातात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत या जिल्ह्यातील घराघरांतून जी भिजलेली पुस्तके उकिरड्यावर गेली, त्यांची यादी कोणी केली नाही. नाट्यगृह पैसे खर्चून पुन्हा बांधता येते. छापाची शेवटची प्रत कोणत्याही रकमेला पुन्हा मिळत नाही. त्यानंतर दोन महिनेही लोटले नाहीत तोच, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा जाहीर झाला. पेढे वाटले गेले, फलक लागले. भाषेच्या प्राचीनतेचे पुरावे म्हणून जे सादर झाले, ते कोणी तरी जपलेले ग्रंथ आणि शिलालेखच होते ना? मग पुढच्या पिढीला पुरावे लागतील ते कोण जपणार?

केवळ तक्रार करून थांबणे आम्हांस शोभणार नाही, म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट शब्दांत मांडतो. पहिली अशी, की १८६७ पूर्वी छापलेले कोणतेही मराठी पुस्तक कोणत्याही सार्वजनिक ग्रंथालयाने निर्लेखित करू नये. ते सांभाळणे झेपत नसेल, तर मोठ्या संग्रहालयाकडे सोपवावे आणि तशी पावती ठेवावी. दुसरी, अशा पुस्तकांची एकच एक सामाईक नोंद व्हावी: कोणत्या गावी, कोणत्या ग्रंथालयात, किती पानांची प्रत आहे. त्याला मोठा पैसा लागत नाही. वह्या आणि चिकाटी लागते. तिसरी, कीर्तन्यांच्या नाटकाची १८६१ ची आवृत्ती जशीच्या तशी, त्या अनुस्वारांसह, पुन्हा छापावी. लेखक १८९१ साली निवर्तले. आपल्या कायद्याप्रमाणे स्वामित्वहक्क लेखकामागे साठ वर्षे चालतो. तो संपून कित्येक दशके झाली. कोणाची परवानगी नको, कोणाला मानधन द्यावयाचे नाही. अडसर आहे तो केवळ आपल्या इच्छेचा. ज्या दिवशी ही प्रत कॉलेजच्या विद्यार्थ्याला एका जेवणाच्या पैशांत मिळेल, त्या दिवशी ‘दुर्मिळ’ हा शब्द तिच्या अंगावरून उतरेल, आणि तो उतरावा हीच आमची इच्छा आहे.

आता शेवटचे मागणे आमच्याच कुटुंबांकडे. आमच्या वसाहतीत आजरा, गडहिंग्लज, सावंतवाडी, वसई, नगर अशा कितीतरी ठिकाणांहून पोटापाण्यासाठी माणसे आली आहेत. दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात आजोबांची पेटी ठेवावयास जागा नसते, हे आम्ही घरांना आशीर्वाद द्यावयास जातो तेव्हा पाहतो. ती पेटी गावी असते आणि गावचे घर पाडावयाचे ठरले, की प्रथम ती रद्दीवाल्याकडे जाते. तिच्यात कदाचित शाळामास्तर असलेल्या पणजोबांचे एखादे नाटकाचे पुस्तक असेल, नाताळात देवळाच्या पटांगणात केलेल्या नाटकाची हस्तलिखित वही असेल, जुन्या ‘निरोप्या’चे बांधीव अंक असतील. ती पेटी विकण्यापूर्वी एकदा उघडा. मुखपृष्ठावरचे साल वाचा. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेशन तर मुळीच करू नका. त्याने कागद कायमचा जायबंदी होतो. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, जमिनीपासून वर आणि ओल नसलेल्या जागी ठेवा, आणि आम्हांला किंवा जवळच्या ग्रंथपालाला कळवा. घरात जागा नसेल, तर धर्मग्रामाच्या कार्यालयात एक लोखंडी कपाट आम्ही मोकळे करून ठेवले आहे. त्याची किल्ली कोणाच्याही खिशात राहणार नाही. ज्याला वाचावयाचे असेल त्याने मागावी आणि मेजाशी बसून वाचावे.